जमीन न हलणारे खेळ

“तुझे पाय कुठं गेले रे?” मी विचारलं आणि मला हसूच आवरेना.

माझ्यासमोर भरत्या हवेत तरंगत होता. डोकं, छाती आणि दोन पंजे. डोक्यावर केशरी गोल टोपी घातली होती गड्यानं, पण कमरेखाली सगळा कारभार गायब. मागची निळी भिंत आरपार दिसत होती.

“माझे सोड. तुझे तरी कुठं आहेत? खाली बघ.”

मी खाली बघितलं. फरशी होती, मीच नव्हतो. “आयला!”

“इथं कुणालाच पाय नसतात, उद्या. देशोदेशीची माणसं येतात, सगळी कमरेपर्यंतच. हाय का नाही मज्जा?”

“कसली मज्जा? एवढे पैसे मोजून घेतात, मग पाय द्यायला काय धाड भरली होती यांना?”

“काय करायचेत पाय?” भरत्या म्हणाला. “घे, बॅट घे. सर्व्हिस तुझी.”

तेव्हा भरत्या जामनगरला होता आणि मी मिरजेत. दोघांच्याही डोळ्यांवर तो व्हीआरचा हेडसेट होता. डोळ्यांवर चढवला की आपली खोली नाहीशी होते आणि मान वळवाल तिकडं दुसरंच जग दिसतं. माझी बायको शैला त्याला झापड म्हणायची. “ते झापड काढा आणि जेवायला या,” अशी हाक आली की आमचा खेळ संपायचा.

भरत्या म्हणजे भरतेश मगदूम. आम्ही एका गल्लीत वाढलो, एका बाकावर बसलो आणि एका खो-खो संघात खेळलो. तो पळणारा गडी, मी पाटीत बसणारा. माझं नाव उदय. संजयचा संज्या होतो, विजयचा विज्या होतो, तसा माझा उद्या झाला. त्यावरून वर्गात काय काय झालं ते विचारू नका. मास्तर म्हणायचे, “उद्या गणिताची परीक्षा,” की हा मागून ओरडायचा, “बघ रे उद्या, तुझ्या एकट्याचीच!” मास्तर एकदा फळ्याकडं तोंड करून म्हणाले, “उद्या वह्या आणा.” मी उभा राहून म्हणालो, “कुणाच्या आणू सर?” वर्ग लोळला. मला छडी बसली आणि भरत्याला पण, कारण सगळ्यात जास्त तोच हसत होता.

पुढं मी उदयराव झालो, दुकानात उदयदादा झालो. उद्या म्हणणारा एकटा भरत्याच उरला. त्याला जामनगरला नोकरी लागली, मिरजेतलं घर विकून आईवडिलांनाही तो तिकडंच घेऊन गेला. मग दिवाळीला एक मेसेज, पाडव्याला एक मेसेज. माणसं अशीच सुटत जातात.

तो परत सापडला तो माझ्या दुकानामुळं. टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर, आमच्या घराला लागूनच, मी हे व्हीआरचं गेम पार्लर काढलं. हेडसेट आणले, पंखे लावले, भिंतींना गाद्या ठोकल्या. पण खेळ कुठले ठेवायचे? ऑनलाइन दुकानात हजार खेळ विकायला असतात आणि प्रत्येकाच्या चित्रावर ड्रॅगन तोंड उघडून बसलेला असतो. मी शाळेच्या ग्रुपवर विचारलं. कुणी हात जोडले, कुणी गुलाबाचं फूल पाठवलं. भरत्यानं मात्र थेट फोन केला.

“उद्या, माझ्याकडं आहे ते यंत्र. मी घरी बसूनच काम करतो आता, वेळच वेळ आहे. गेम मी निवडतो, तू नुसता गल्ल्यावर बस.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“तुझ्यापेक्षा जास्त. पैज लाव.”

मी ऐकलं नाही. माझं डोकं तापट आणि वर शहाणपण जास्त. मी आपला आगगाडीसारखा वरखाली पळणारा पाळणा घेतला, तो रोलर कोस्टर. पोस्टरवरही तोच छापला. पहिल्याच रविवारी साखरपुडा उरकून एक मंडळी आली. नवरदेव पुढं. “मला काही होत नाही ओ, लावा तुम्ही!” मी लावला. पाळणा वर चढला तोवर नवरदेव राजासारखा बसला होता. खाली सुटला आणि गड्यानं बासुंदी, पुरी, बटाट्याची भाजी, सगळं सासऱ्याच्या नव्या बुटांवर आणून ठेवलं. सासरा तोंड फिरवून बूट पुसायला लागला. नवरी मात्र तोंडावर पदर घेऊन खिदळत होती.

मी फरशी पुसून भरत्याला फोन लावला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

“ऐक आता तरी,” तो म्हणाला. “एकच नियम. माणूस हलला तर चालतं, जमीन हलता कामा नये. तू खुर्चीत गप बसलायस आणि डोळ्यांना वाटतंय जमीन पळाली, की पोट बंड करतं. ज्या खेळात जमीन जागच्या जागी राहते तो घ्यायचा. टेबल टेनिस घे. धनुष्यबाण घे. ते तालावर ठोकळे फोडायचं घे, पोरी वेड्या होतील. आणि म्हाताऱ्यांसाठी मासेमारी.”

“मासेमारी? मगदुमांच्या घरात? जैन ना रे तुम्ही?”

“खोटे मासे आहेत लेका, आणि पकडून सोडून देतो मी.”

“बरं, आणि तो राक्षसांच्या मागं पळायचा?”

“पळायचा नको,” तो म्हणाला. “बसून खेळता येतो का ते आधी बघत जा, उद्या. सगळीच माणसं उभी राहणारी नसतात.”

त्याच्या शब्दाबाहेर मी मग गेलो नाही आणि दुकान धावायला लागलं. पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी व्हायची. पण माझा खरा वेळ संध्याकाळचा, गिऱ्हाईक गेल्यानंतरचा. नवा खेळ आला की आधी आम्ही दोघं खेळून बघायचो. खेळ पास की नापास ते भरत्या ठरवायचा. खरं सांगतो, खेळ हे निमित्त होतं. चाळिशी उलटल्यावर माणसाला नवा दोस्त मिळत नाही, आणि मला तर जुनाच परत मिळाला होता. तो पुन्हा हरवू नये एवढंच मला वाटायचं.

एकदा कडा चढायचा खेळ आला. दोन्ही हातांनी कपारी धरायच्या आणि स्वतःला वर ओढायचं, बस. भरत्या त्या कड्यावर असा सरसर गेला की मी बघतच राहिलो. मी निम्म्यात लटकलो, खाली बघितलं आणि डोळे मिटून घेतले. दुकानातच उभा होतो, तरी हातापायाला घाम.

“ये की वर! हातांचंच काम आहे सगळं. या खेळाला पैकीच्या पैकी!” तो वरून ओरडत होता.

कसाबसा पोचलो. समोर डोंगरच डोंगर, लांब खाली नदी. मी दुकानातलं प्लॅस्टिकचं स्टूल चाचपडून ओढलं आणि बसलो. भरत्याचं डोकं आणि हात माझ्याशेजारी तरंगत होते.

“उद्या, तुला माझं पळणं आठवतं का रे?”

“आठवतं म्हणजे? कवठेमहांकाळची मॅच विसरीन होय?”

“सांग की.”

“तुला माहीत नाही?”

“तू सांग.”

म्हणून मी सांगितली. त्यांचा एकेक गडी उठत होता, खोवर खो पडत होते, आणि हा डावीकडं हूल देऊन उजवीकडनं असा निसटायचा की पंचसुद्धा हसायला लागला. त्यांचा तो उंच गडी खांबापाशी तोंडघशी पडला. शेवटी वेळ संपत आली तेव्हा हा स्वतःच थांबला आणि समोरच्याला म्हणाला, “घे बाबा शिवून, दमला असशील.”

मी भरत्याकडं बघितलं. हेडसेटमध्ये चेहरा दिसत नाही हो. रंगवलेले डोळे तसेच हसरे राहतात.

“अजून एकदा सांग की,” तो म्हणाला.

“येडा आहेस काय? त्यापेक्षा मिरजेला ये. ग्राउंड आहे तिथंच आहे. पोट सुटलं असलं तरी पळवतो तुला.”

“खो मिळाला नाही अजून,” तो म्हणाला आणि हसला.

खो-खोत पाटीवर बसलेल्याला मागून खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. मला वाटलं, साहेबानं रजा दिली नसेल, म्हणून हा असं बोलतोय. मीही हसलो. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. याला पळायची आठवण येते. याला पळायचंय.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याचा डीलर नवीन माल दाखवायला आला. दोन्ही घोट्यांना बांधायचे पट्टे आणि एक कमरेला. त्यात सेन्सर. ते बांधले की खेळात तुम्हाला अख्खे पाय मिळतात. तुम्ही पाय उचलला की तो पण उचलतो, लाथ मारली की लाथ. सोबत एक खेळ होता, मोठ्ठं मैदान, हिरवंगार. मी जागच्या जागी नाचलो आणि खाली माझे पाय नाचले. काय आनंद झाला म्हणून सांगू! डीलर दुकानासाठी विचारत होता. मी म्हटलं, दुकान मरू दे, पहिला जोड जामनगरला जाणार.

“अहो, आधी त्यांना विचारा तरी,” शैला म्हणाली. “मापं असतील त्याची.”

“त्याच्या घोट्याचं माप मला सांगतेस? आम्ही एकमेकांचे बूट घालून खेळलोय.”

“तरीपण. माणसाच्या काही अडचणी असतात.”

“कसली अडचण? विचारलं तर नको म्हणणार तो. त्याला सरप्राइज द्यायचंय मला.”

खोक्यात पट्टे ठेवले, वरून तिखट चुरमुऱ्यांच्या भडंगाचं पाकीट ठेवलं. आणि दुकानाच्या कार्डामागं माझ्या हातानं लिहिलं, ‘भरत्या, हे घे तुझे पाय. बांध आणि पळ. आता कारणं नकोत.’

खोकं पोचलं त्या दिवशी दुकानात शाळेची ट्रीप आली होती. नुसता कल्ला. एक पोरगं धनुष्य ओढता ओढता भिंतीवर आपटत होतं, दुसऱ्याला हेडसेट उतरवायचा नव्हता. खिशात फोन वाजला. भरत्याचा मेसेज. एकच शब्द.

‘उद्या’

मी एका हातानं पोराची कॉलर धरली होती, दुसऱ्या हातानं लिहिलं, ‘चालेल! उद्या संध्याकाळी. तयारीत राहा, पळवतो बघ तुला.’ पुढं एक अंगठा टाकला आणि फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना लवकर वाटेला लावलं. घोट्यांना पट्टे बांधले, हेडसेट चढवला आणि त्या मैदानात जाऊन उभा राहिलो. खाली बघितलं तर माझे दोन्ही पाय. उड्या मारल्या, इकडून तिकडं पळालो, भिंतीच्या गादीवर आपटलो. मैदानाच्या फाटकाकडं बघत बसलो. भरत्या आला नाही. शैलाची हाक आली, मी आलो आलो म्हणत तसाच थांबलो. तो आलाच नाही.

माझं डोकं सटकलं. ‘भाव खातोस होय रे? माणूस एवढ्या प्रेमानं पाठवतो, साधं मिळालं म्हणायला काय होतं?’ असं लिहून टाकलं. त्यानं वाचलं, तसं दिसत होतं. उत्तर नाही. फोन लावला, उचलला नाही. खेळात कोण आलंय ते दाखवणाऱ्या दोस्तांच्या यादीत त्याचं नाव काळं पडलं ते पडलंच. मग मीपण म्हटलं, जा उडत. लहानपणी करायचो तशी कट्टी. दिवाळी आली, त्याचा मेसेज नाही. मी कशाला करू? नवे खेळ यायचे ते मी एकटाच बघायचो आणि एकटाच पास-नापास करायचो. चव नव्हती त्यात, पण कबूल कोण करणार?

उन्हाळ्यात एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. साधी सुती साडी नेसलेली एक बाई दारात उभी राहिली, धाप लागलेली. हातात खोकं. खोकं मी ओळखलं.

“उदयराव ना? मी पद्मजा. भरतेशची मिसेस. माहेरी जयसिंगपूरला आले होते.”

“या या वहिनी,” मी म्हणालो. इतक्या महिन्यांचा राग, तो काय गप बसतोय? “साहेब खालीच थांबले वाटतं? जिना चढायचा कंटाळा आला का त्यांना?”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

“तुम्हाला खरंच माहीत नाही?”

“काय?”

मी स्टूल पुढं केलं. त्या बसल्या, खोकं मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडं बघत बोलल्या. “शुगर होती त्यांना. आधी एक पाय काढला, मग दुसरा. तुम्ही हे दुकान काढायच्या आधीची गोष्ट आहे ही. मग किडनीनं धरलं. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात गेले.”

कोपऱ्यात कुणीतरी ठोकळे फोडत होतं. माझ्या कानात तेवढाच आवाज येत होता.

“मला का सांगितलं नाही त्यानं?” मी विचारलं.

“मी रोज म्हणायची, सांगा. तर म्हणायचे, पळणारा भरत्या आता फक्त उद्याकडं शिल्लक आहे, त्याला कशाला लंगडा करू? तिथं कुणालाच पाय नसतात, मग माझेच कशाला मोजायचे?”

मी खाली बसलो. गाद्यांना टेकून, फरशीवर.

“हे खोकं आलं तेव्हा कार्ड वाचून आधी खूप हसले,” त्या सांगत होत्या. “मग बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, बास झालं आता, त्याला सांगून टाकतो. फोन लावला आणि घंटी वाजायच्या आतच कापला. म्हणून लिहिलं. तुम्हाला नुसती हाक मारली. मला म्हणाले, आता तो ‘काय रे’ म्हणेल, मग सांगतो सगळं.”

“हाक? हाक कुठं मारली? त्यानं तर नुसतं उद्या म्हणून...”

आणि बोलता बोलता माझं नाव मलाच ऐकू आलं.

पद्मजावहिनींनी मान हलवली. “तुमचं उत्तर आलं. मला दाखवलं त्यांनी. म्हणाले, बघ, शाळेतल्यासारखंच झालं. याला हाक मारली, यानं तारीख दिली. हसले आणि फोन पालथा ठेवला. म्हणाले, बरं, उद्या तर उद्या. पण दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही त्यांना. नंतर कधीच झाला नाही.”

खोकं त्यांनी माझ्या हातात दिलं. पट्ट्यांवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. माझं कार्डही होतं.

“भडंग तेवढं सगळं खाल्लं,” त्या म्हणाल्या. “पथ्य मोडून. मी अडवलं नाही.”

त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. त्या खाली उतरल्या, मी वरच उभा राहिलो. जिना किती उंच आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आता याला वर्षं झाली. दुकान चालू आहे. टायरवाल्यानं जागा बदलली तेव्हा मी ते खाली, रस्त्याला लागून घेतलं, पायरीसुद्धा ठेवली नाही. खेळ अजून भरत्याच्याच नियमानं निवडतो. जमीन हलता कामा नये. बसून खेळता येतो का, ते आधी बघतो. पायाचे पट्टे कधी दुकानात ठेवले नाहीत, लोक मागतात तरी. त्याचा तो मेसेज फोनमध्ये आहे. मी शंभर वेळा वाचलाय, आणि आता तो मला हाकेसारखाच ऐकू येतो, दुसरा काही अर्थच लागत नाही त्याचा. तेव्हा का नाही ऐकू आला, कुणास ठाऊक.

परवा शटर ओढत होतो तर कॉलेजचा एक मुलगा धावत आला.

“दादा, बंद केलं?”

“केलं रे.”

“बरं, मग उद्या.”

“काय रे?” मी म्हणालो.

तो गोंधळला. “काही नाही दादा. उद्या येतो म्हटलं.”

“हां हां,” मी म्हणालो. “ये.”